फ्रीजमधले गप्पी

“ह्यो फ्रीज आज दुपारपर्यंत हितून हलला पायजे,” पंढरीशेठ म्हणाले. “मलेरियावाले आलेत सेक्टरमदी. माज्या बिल्डिंगला नोटीस लागली ना मानसिंग, तर तू नि तुजी बायको, दोगांनी सामान बांदायचं.”

वॉचमन मानसिंगने मान हलवली. त्याची बायको वेणूबाई जिना पुसत होती. ती तशीच ओल्या हातांनी खाली आली.

“त्यात डास न्हाईत शेठ. मासं हायत.”

“साचलेलं पानी म्हंजे मच्छर. कती वेला सांगलं तुला?” म्हणत शेठ वर गेले. तिसऱ्या मजल्यावर त्यांची नात उन्नती चार दिवस तापाने पडली होती. शेठची झोप उडाली होती.

फ्रीज शेठचाच. बंद पडला म्हणून त्यांनीच जिन्याखाली आणून टाकलेला. दिवाळीत वेणूबाईच्या मुलीला, वैष्णवीला मलेरिया झाला, तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर वेणूबाईने गप्पी माशाचं चित्र पाहिलं. डासांच्या अळ्या खाणारा मासा. घरी आल्यावर तिने फ्रीज पाठीवर आडवा पाडला. दार काढून टाकलं. तळाचं भोक सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि डांबर लावून बुजवलं. तीनदा गळलं, तीनदा खरवडून पुन्हा लावलं. मग तुर्भ्याच्या नाल्यातून डालड्याच्या डब्यात सात मासे आणले. आता ते दोनशेच्या वर होते. पांढऱ्याशुभ्र तळावर त्यांच्या शेपट्या लांबूनही दिसत. मांजराने तोंड घालू नये म्हणून वर फ्रीजचीच जाळी.

“रिकामा करू का?” मानसिंगने हळूच विचारलं.

“हात लावू नगा.”

“अगं, काम जाईल. खोली जाईल.”

“बगू की,” वेणूबाई म्हणाली आणि फ्रीजच्या काठावर बसून राहिली.

अकराच्या सुमारास पालिकेचा मलेरियावाला आला. सायकल गेटपाशी लावून, खांद्याला पिशवी, हातात लांब दांड्याची पांढरी पळी घेऊन तो आधी गच्चीवर गेला. शेठ त्याच्या मागे. दहा मिनिटांनी दोघे उतरले तेव्हा पळीतल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

“बांधकामाच्या पिंपात या अळ्या आहेत, आणि टाकीला झाकणच नाही,” तो शेठना म्हणाला. “घरात कोणाला ताप?”

शेठ पळीकडे बघत राहिले.

तेवढ्यात त्याची नजर जिन्याखाली गेली. “आणि हे काय?”

“ते आता फेकनारच होतो साहेब,” शेठ म्हणाले.

त्याने जाळी उचलली. पळी बुडवली. पळीत एक मासा आला. कोपऱ्यात बुडवली, दोन आले. तो उकिडवा बसला, पिशवीतून बॅटरी काढून त्याने सगळा तळ न्याहाळला. एकही अळी नव्हती. एका टोकाला भाजीचा ट्रे तारेने टांगून अर्धा पाण्यात सोडला होता. त्यात टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं.

“ही वेगळी का ठेवलीत?”

“आयाच पिल्लं खात्यात,” वेणूबाई म्हणाली. “म्हनून ट्रेला तापल्या सुईनं भोकं पाडली. पानी आतबाहेर खेळतं, पर आय आत शिरत न्हाय.”

“कोणी शिकवलं?”

“बगून कळलं. पैल्या येळंला समदी खाल्ली त्यांनी. दोन दिवस जेवन ग्वाड लागलं न्हाय मला.”

तो हसला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठला. “आमच्या हौदातले गप्पी उन्हाने मेले. पंधरा दिवस मी मासे शोधत फिरतोय.” त्याने वही काढली. “कोणाचं आहे हे?”

“आमचाच हाय,” पंढरीशेठ पुढे झाले. “फ्रीज आमचाच, साहेब. चांगला मोठा होता.”

“फ्रीज तुमचा,” वेणूबाई म्हणाली. “मासं माजं.”

शेठनी तिच्याकडे पाहिलं. मग मान डोलावली. “तिचं लिवा.”

“नाव?”

वेणूबाई पदर सावरेपर्यंत मानसिंगच बोलला. गेटवर ट्रक अडवताना लावायचा तो आवाज लावून. “वेणूबाई मानसिंग पिसाळ. नीट लिवा साहेब. पिसाळ.”

मलेरियावाल्याने नीट लिहिलं.

शेठ घुटमळले. “वेनूबाय, आमच्या टाकीत सोडशील काय थोडं?”

“टाकीत बी सोडते, पिंपात बी. तुमी आदी उन्नतीचं रगात तपासून आना. साहेबास्नी इचारा कुटं ते.”

मलेरियावाल्याने चिठ्ठी लिहून दिली. शेठ दोन-दोन पायऱ्या चढत वर गेले.

मग वेणूबाईने काचेची बरणी फ्रीजमधल्याच पाण्याने भरली. चहाच्या गाळणीने मासे उचलू लागली. मलेरियावाला म्हणाला, दहा-बारा पुरे. ती सरसकट उचलत नव्हती. एक उचलायची, उजेडात धरायची, नको असला तर परत सोडायची. शेवटी बरणीच्या तोंडाला फडकं बांधून तिने ती त्याच्या हातात दिली.

“हळू न्या. ह्यातल्या पाच पोटुशा हायत.”

तो बरणी छातीशी धरून गेटपाशी गेला. सायकलवर बसला नाही. एका हाताने ती ढकलत, खड्डा आला की थांबत, पार वळणापर्यंत चालत गेला.