महाराणीचे हात
जीव मुठीत घेऊन सरहद्द ओलांडल्यापासून तिने लॉन्ड्रीत इतक्या चादरी धुतल्या, की सोड्याने बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकल्या. नागरिकत्वाच्या अर्जासाठी ठसे हवे होते आणि यंत्रावर एकही बोट उमटेना. "महिनाभर हात पाण्यात घालू नका," कारकुनाने सांगितलं. मग काय, लॉन्ड्रीतून बिनपगारी रजा घेतली. भांडी नवऱ्याने घासली, फरशी लेकीने पुसली, सासूबाई रोज बोटांना तेल चोळायच्या. "महाराणीचे हात झालेत हो सूनबाईचे," त्या म्हणायच्या. आज तिने काचेवर अंगठा टेकवला. दिवा लाल झाला. पुन्हा लालच. तिसऱ्यांदा हिरवा. "उमटला एकदाचा," कारकून म्हणाला. "आता फक्त गेल्या महिन्याची पगारपावती द्या. कामात खंड पडला असेल तर अर्ज बाद होतो." महाराणीचे हात तिने हळूच टेबलाखाली घेतले.