गरजू पाहिजे

“गरीब? कोण गरीब?” दत्तप्रसाद जवळजवळ ओरडलाच.

अनुराधा मॅडम गांगरल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. शाळेच्या पालक समितीने गरजू मुलांना मोफत जेवण जाहीर केलं होतं. फुकट जेवणारी मुलं मोजली, की शाळेत गरिबी किती तेही आपसूक कळणार होतं. पण आठवडा झाला तरी एकही गरजू फिरकला नव्हता. समिती हवालदिल झाली. जेवण तयार, गरीब मिळेना! अशात मॅडमना तिसरीतल्या वैभवीच्या डब्यात रोज खुबूसचा, म्हणजे स्वस्तातल्या अरबी रोटीचा, शिळा तुकडा दिसला आणि त्यांनी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं.

“तसं नाही हो. फक्त पगार कमी आहे, एवढं लिहून द्या.”

एवढंच! दत्तप्रसाद मुसफ्फा या कारखान्यांच्या भागातल्या एका गॅरेजात गाड्यांचे पोचे काढायचा. बायको-मुलीला अबू धाबीत आणायचं तर पगार बऱ्यापैकी लागतो, असा सरकारी नियम. त्याचाही होता, कागदावर. मालकाने मेहेरबानी करून व्हिसापुरता दुप्पट दाखवला होता. थोडक्यात, या देशात गरिबाचं मूल असूच शकत नव्हतं. सापडलंच, तर त्याची रवानगी मुंबईच्या विमानात.

“मॅडम, तिला खुबूसच आवडतो,” तो म्हणाला. हे कमी पडेल असं वाटून त्याने खिशातून शंभर दिरम काढले. दोन हजारांच्या वर रुपये, मनाने लगेच हिशेब केला. “हे समितीला माझ्याकडून. गरीब मुलांसाठी. खलास!”

समिती गहिवरली. पहिला देणगीदार! फोटो तर हवाच. दात्याची मुलगी गरजूला जेवण देते आहे, असा. गरजूची अडचण होतीच, ती अध्यक्षांनी सोडवली. त्यांनी स्वतःच्या सुजीतला उभं केलं. सुजीत चांगला गुटगुटीत, नुकताच बर्गर खाऊन आलेला. त्याचा शर्ट तेवढा चुरगळून घेतला.

वैभवीच्या हातात गरम पुलावाचं पाकीट दिलं. समोर दत्तप्रसाद हसत उभा होता.

फ्लॅश पडला. टाळ्या झाल्या.

“लेट गो ना!” सुजीत पाकीट ओढत म्हणाला.

टाळ्या थांबल्या. सगळे बघायला लागले.

“दे बाळा त्याला,” दत्तप्रसाद म्हणाला. आता तो हसत नव्हता. “दे ना गं.”

वैभवीने पाकीट सोडलं नाही.