तीनशे फूट खाली

हैबतराव पत्नी इंदुमतीबरोबरच विमान चालवायला शिकले, पण परवाना आधी तिला मिळाला. तेव्हापासून ग्वाल्हेरात तिचंच कौतुक चाले, ते हैबतरावांना सोसत नसे. दरबारच्या पाहुण्यांसमोर दोघं किल्ल्यावरून उडणार होते. हैबतरावांनी तिच्यापेक्षा तीनशे फूट खाली राहायचं होतं. ती उडताच मैदानावर टाळ्या पडल्या. त्या ऐकताना हैबतराव उडण्याआधी उंचीमापकाचा काटा शून्यावर आणायला विसरले; काटा कमीच उंची दाखवत राहिला आणि ते नकळत तिच्या उंचीला पोचले. तिच्या विमानाची चाकं त्यांच्या डोक्यावरून हातभर अंतरानं गेली. उतरल्यावर त्यांच्या उड्डाण-शिक्षकांनी संतापून विचारलं, "उंची कोणाची चुकली?" हैबतरावांची नजर शून्यावर न आलेल्या काट्याकडे गेली. "गलती माझी. मीच खाली आले," इंदुमती म्हणाली. "इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा वैमानिक मी पाहिला नाही," शिक्षक म्हणाले. "ती खोटं बोलतेय. गलती माझी," हैबतराव घाईघाईनं म्हणाले. तिचं तेवढंही कौतुक त्यांना ऐकवेना.