अनंताचा बहर

लग्नानंतरचा पहिलाच श्रावण होता. प्राची परसातून अनंताची एक अख्खी फांदीच मोडून घेऊन आली. "आई, बघा ना, सगळं झाड पांढरं झालंय. पूजेला घेऊ?"

तिच्या सासूबाई, द्वारकाबाई, भाकरी थापत होत्या. त्यांनी फुलांकडे पाहिलं आणि गॅस बंद केला.

"पूजा राहू दे. चपला घाल."

शेजारी हाका मारायची गरज पडली नाही. दारोदारचे अनंत फुलले होते आणि माणसं गुरांची दावी सोडून समोरच्या टेकाडावरच्या शाळेकडे निघाली होती. वाटेत द्वारकाबाईंनी सुनेला सांगितलं. मागच्या दरडीत अर्धी वाडी गाडली गेली, त्यानंतर विद्यापीठातल्या लोकांनी ही झाडं घडवून दारात लावून दिली. डोंगराच्या पोटातली माती सुटू लागली की यांच्या मुळांना आधी कळतं, आणि तेव्हाच ती फुलतात.

"माझ्या डोळ्यांदेखत आपल्या अनंतानं कधी कळी धरली नव्हती," त्या म्हणाल्या.

दुपारी डोंगर खाली आला. घरं गेली, झाडं गेली. माणूस एकही गेला नाही.

प्राचीच्या हातात ती फांदी अजून तशीच होती. "जाता जाता केवढा फुलला, आई."

द्वारकाबाईंनी फांदी घेतली, फुलं खुडली आणि शाळेच्या कुंपणाशी माती उकरून ती रोवली. लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला.

"जग बाबा," त्या म्हणाल्या, "पण फुलू नकोस."