कुंपणापलीकडची

रोशेलने स्वतःच्याच घरावर कार्टून मालिका काढली होती: गोऱ्यांच्या उपनगरातलं काळ्यांचं एकुलतं एक घर! आजोबा आपल्याच अंगणातलं गवत कापताहेत आणि नवा शेजारी विचारतोय, "महिन्याचं किती घेता?" टीव्हीवर हे बघताना तर खुद्द आजोबाच हसून लोळले. धाकटी बहीण किझाया मात्र सगळ्यात जास्त खिदळली ती कुंपणावरून डोकावत, "त्यांना मिळालं, मग मला का नाही?" म्हणून कुढणाऱ्या गोऱ्या शेजारणीवर.

भाग संपला आणि किझाया जळून खाक झाली.

"आजोबा आहेत, मम्मा आहे, कुत्रासुद्धा आहे! त्यांना मिळालं, मग मला का नाही?"

"अगं बाई," रोशेल म्हणाली, "तुला गोरी केली, तर ओळखलंच नाहीस होय?"