भिंतीतलं नाव

बंद पडलेल्या बोगद्यात आता बाग होती. रुळांच्या जागी नेचे वाढले होते, आणि भिंतीच्या दगडाला यंत्र टेकवलं की त्यानं साठवलेले जुने आवाज ऐकू येत.

हौसाबाई धाकट्या बहिणीला, सगुणेला, ओढतच घेऊन आली. "आक्का, गेलेल्या माणसाला कशाला गं बोलवायचं?" सगुणा कुरकुरत होती.

हौसाबाईचा नवरा याच बोगद्यात रूळ तपासायचा. लग्नातसुद्धा त्यानं उखाणा घेतला नव्हता. "चारचौघांत जमत नाही गं. बोगद्यात एकटा असलो की तुझंच नाव घेतो," म्हणायचा. त्या एका वाक्यावर तिनं चाळीस वर्षं संसार केला.

बाग सांभाळणाऱ्या मुलीनं यंत्र दगडाला लावलं. हौसाबाईच्या नवऱ्याचा आवाज घुमला:

"बोगद्याच्या तोंडाशी करवंदाची जाळी,
सगुणेचं नाव घेतो सांज-सकाळी."

मग एका बाईचं हसणं ऐकू आलं. ते हसणं हौसाबाई लहानपणापासून ऐकत आली होती.

शेजारी उभ्या सगुणेनं हळूच हात सोडवून घेतला.

"आजी, तुम्हीपण बोला ना काही. दगड जपून ठेवतो," मुलगी म्हणाली.

हौसाबाईनं ओल्या भिंतीला ओठ टेकवले.

"माझं नाव हौसा," ती म्हणाली.