मागच्या जिन्याला तांबडा हात

“सोमवारी हा जिना कापून नेणार आहेत,” मुलगा म्हणाला. “भंगारवाल्याशी बोलणं झालंय माझं.”

“मी जिवंत असेपर्यंत नाही,” आई म्हणाली, आणि तारेचा ब्रश पुन्हा पायरीवर घासू लागली.

घराच्या पुढच्या भागात मुलाचं कापडाचं दुकान होतं. मागे, अंगणाकडे तोंड केलेल्या दोन खोल्यांत आई राहायची. वर मुलगा आणि सून. वर जायला दुकानातून जिना होताच, गल्ल्याच्या अगदी पाठीमागून. हा दुसरा, लोखंडी, वरच्या गॅलरीतून थेट अंगणात उतरणारा. आईच्या नवऱ्याने तो स्वतः वेल्डिंग करून बसवला होता. तो वारल्यापासून जिन्याला कुणी रंगाचं बोट लावलं नव्हतं.

मागच्या महिन्यात सुनेचा पाय पायरीचा पत्रा फोडून आत गेला. पोटरीला टाके पडले, पायातली नवी चप्पल अंगणात जाऊन पडली. तेव्हापासून मुलगा या जिन्याच्या मुळावरच उठला होता.

“तिला काही झालं असतं म्हणजे?” तो गिऱ्हाइकांना सांगायचा. “आता मी तिला खाली उतरूच देत नाही. काय हवं-नको ते वर नेऊन देतो.” साड्या बघायला आलेल्या बायकांना हे ऐकून आपापले नवरे आठवायचे आणि त्यांचे चेहरे पडायचे. मुलगा जिभेचा गोड होता. त्याशिवाय का दुकान चालतं!

आईला मात्र ते ऐकून तिडीक यायची. नवऱ्याच्या हातचा जिना, म्हणून म्हातारी हट्टाला पेटली आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. शेजारीण भिंतीवरून डोकावून म्हणाली, “माणसाने आठवणी जपाव्यात हो, पण किती?”

“बघू किती ते,” आई म्हणाली.

हार्डवेअरच्या दुकानदाराने तिच्यासमोर डबा ठेवला. “मावशी, गंज सगळा खरवडत बसू नका. सुटलेले पोपडे काढा, तेलकटपणा पुसून घ्या आणि हे गंजावरचं औषध लावा. लावताना दुधासारखं दिसेल, उद्यापर्यंत काळं होईल. काळं झालं की गंजाचा खेळ संपला. मग वरून प्राइमर. राखाडी देऊ का? घराला शोभेल.”

“तांबडा द्या.”

“तो गंजासारखाच दिसतो हो.”

“शोभेचं काय घेऊन बसलात? तांबडा द्या.”

कामाला ती नवखी नव्हती. नवरा वेल्डिंग करायचा तेव्हा घासणं-रंगवणं तिच्याकडेच असायचं. सडलेल्या पायऱ्यांवर तिने नवे पत्रे बोल्टने आवळले. पाय ठेवला की अख्खा जिना करकरायचा, म्हणून सांध्यांत रबराचे तुकडे बसवले. मग डब्यातलं औषध थोडं थोडं वाटीत ओतून लावायला घेतलं. गंजाचा ब्रश डब्यात बुडाला तर सगळा डबा नासतो.

सून गॅलरीत येऊन उभी राहिली. “आई, हात भरून आले असतील तुमचे.”

“येऊ देत. टाके निघाले का तुझे?”

“निघाले.”

“नीट चालता येतं?”

“येतं.”

“कोणाशी बोलतेयस गं?” आतल्या जिन्यावरून मुलाचा आवाज आला. सून आत गेली. आईने पुढची पायरी लावायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मुलाने दुकानाच्या मागच्या खिडकीतून पाहिलं. “काळा ठिक्कर पडला की! जाळलास का काय?”

“माझं मी बघेन. तू तुझे तागे गुंडाळ.”

“सोमवारपर्यंत खेळ मग.”

शनिवारी सकाळी तिने वरून खाली येत प्राइमरचा हात मारला, म्हणजे ओल्यावर पाय पडायला नको. रविवारी मुलाने पुन्हा खिडकीतून डोकावलं आणि त्याला हसू आवरेना. बापाने जन्मभर लोखंडात हात काळे केले, पण या पठ्ठ्याला गंज आणि प्राइमर यांतला फरक कळत नव्हता.

“एवढं औषध पाजलं, तर गंज दुप्पट वर आलाय!” तो दुकानभर सांगत सुटला. “मांजरसुद्धा चढायचं नाही आता त्याच्यावर.” गॅलरीच्या दाराला कुलूप आणतो म्हणत होता, तेही मग त्याने आणलं नाही.

आई सगळं ऐकत होती. तिने त्याची चूक दुरुस्त केली नाही.

दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आईने पायरीवर तळवा दाबून पाहिला. रंग लागला नाही. मग एकेका पायरीवर सगळं वजन टाकून, थांबून, ती वर चढत गेली. जिन्याने हूं की चूं केलं नाही.

गॅलरीचं दार उघडंच होतं. आत सून बॅग घेऊन उभी होती. गालावर कालची बोटं उठलेली होती.

“ह्या खेपेला पायरी दगा देणार नाही,” आई म्हणाली. “उतर.”

सून वाकून तिच्या पाया पडायला गेली. आईने तिला खांद्याला धरून उभं केलं आणि बॅग स्वतःच्या हातात घेतली.

“आता वाकायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबवलीय, आधी पोलीस चौकीत जायचं. तुला घाबरत घाबरत सांगावं लागणार नाही. माझ्या पोराने तुझे काय हाल केले, ते मी सांगणार आहे.”